बसा, पण सही नको

गेल्या वर्षी सप्टेंबरात आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. पाचला बोलावली होती, साडेपाचला झाली. सगळ्या सोसायट्यांच्या सभा अशाच होतात, कारण नोटिशीच्या तळाशी ते वाक्य असतंच: ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.’ आमच्या २४ सदनिका. दोन-तृतीयांश म्हणजे १६ माणसं हवीत. पार्किंगमध्ये दोन गाड्या बाहेर काढून मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तेव्हा मोजून नऊजण होते. बाहेर पावसाची रिपरिप, ओल्या छत्र्या खांबाला टेकवलेल्या, त्यांच्या टोकांशी पाण्याची लहान लहान डबकी. तो अर्धा तास मला मनापासून आवडतो. त्यात कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गॅसची पाइपलाइन कुठपर्यंत आली, हे सगळे विषय विनाठराव मंजूर होतात. मग साडेपाच वाजले. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, घसा साफ केला आणि हजेरीची वही फिरायला सोडली. लांबोळी, लाल कापडी पाठीची वही, तिला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन. ती माझ्यापर्यंत आली. मी पेन उचललं, आमच्या सदनिकेचा क्रमांक शोधला, आणि सेक्रेटरी पुढून म्हणाले, “वहिनी, सही सभासदांचीच लागते हो. तुम्ही बसा ना. बसा, पण सही नको.”

त्यांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, चुकीच्या रकान्यातली सही त्यांना कुसळासारखी टोचते. “साहेब नाही आले?” त्यांनी विचारलं. “झोपलेत,” मी म्हटलं. दोघं-तिघं हसले, मीही हसले आणि वही शेजारच्या खुर्चीकडे सरकवली. नंतर दोन तास बसले. वरच्या टाकीचं झाकण तडकलंय, ते तारेने बांधलंय, त्याच्या फटीतून कबुतराचं पीस आत पडलेलं मी स्वतः गच्चीवर जाऊन पाहिलंय, हे सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग चहा आणि बटाटेवडा झाला, आणि मी घरी आले.

घरी आल्यावर टोचायला लागलं.

राग नव्हता. राग असता तर तो नवऱ्यावर काढून मोकळी झाले असते, ती सोय घरातच आहे. नियम बरोबर होता, हेही कळत होतं. घर घेतलं तेव्हा माझी शाळेतली नोकरी हंगामी, कर्ज त्यांच्या पगारावर, त्यामुळे करारनाम्यावर एकच नाव लागलं. तेव्हा ते कुणाला खटकलं नव्हतं, मलाही नाही. पण या इमारतीत राहायला येऊन १६ वर्षं झाली, आणि त्यात मी एकही वार्षिक सभा चुकवलेली नाही. नवरा दोनदा आलाय. एकदा लिफ्टचा वाद पेटला होता म्हणून आणि एकदा सभेनंतर मिसळ आहे असं कळलं म्हणून. तरी तो सभासद. मी आपली ‘बसा’.

दोन दिवसांनी जिन्यात २०२ मधला मुलगा भेटला. भाड्याने राहतो, घरून काम करतो, सभेला कोपऱ्यात उभा होता कारण त्याला पाण्याच्या वेळांविषयी विचारायचं होतं. म्हणाला, “काकू, ते सारखं सभासद सभासद म्हणतात, म्हणजे ओनर ना?” मी “हो” म्हणाले आणि दोन पायऱ्या चढल्यावर थांबले. खरंच का ओनर? शब्द तर असं काहीच म्हणत नाही. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं माझं. समास सोडवायची सवय हाडात मुरलेली. सभासद: सभेत बसतो तो. सद् म्हणजे बसणे. बस्स, एवढंच. शब्दात सातबारा नाही, करारनामा नाही, शेअर सर्टिफिकेट नाही. खुर्ची आहे आणि तिच्यावर टेकलेलं माणूस आहे.

त्या दिवसापासून तो शब्द कानाला लागला. तोवर कधी लक्षात आलं नव्हतं की तो म्हातारा झालाय. आताच्या मुलांच्या तोंडी मेंबर असतो. जिमचा मेंबर, ग्रुपचा मेंबर, भिशीचे मेंबर. गावाकडे पंचायतीत निवडून आलेल्या माणसाला तर सगळं गाव ‘मेंबर’ अशीच हाक मारतं, त्याचं पाळण्यातलं नाव विसरून जातं. वर्तमानपत्रात आणि विधानसभेत सदस्य असतो, तोही ‘सन्माननीय’. मग सभासद उरला कुठे? वाचनालयाच्या पिवळ्या पडलेल्या कार्डावर. पतपेढीच्या फळ्यावर. गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर, जिथे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सहखजिनदार अशी उतरंड संपली की उरलेल्या १५-२० पोरांची नावं ‘सभासद’ या मथळ्याखाली कोंबलेली असतात. साखर कारखान्याच्या अहवालात. आणि सोसायटीच्या नोटीसबोर्डावर: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की’. हा शब्द कुणी बोलत नाही, तो कळवण्यात येतो.

सदस्य तरी कुठे वेगळा आहे म्हणा. तोही सद् मधूनच आलेला. सोमयागात ‘सदस्’ नावाचा मंडप असे, त्यात ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, बसत. ऋग्वेदाच्या कौषीतकी परंपरेत नेहमीच्या १६ ऋत्विजांवर आणखी एक, सतरावा, नेमत आणि त्याला सदस्य म्हणत. त्याचं काम काय, तर सगळ्या कर्मावर देखरेख ठेवायची. म्हणजे मूळचा सदस्य हा बसून दुसऱ्याच्या चुका पाहणारा. प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच, आमच्याकडे तो तिसऱ्या मजल्यावर आहे. आणि हे सद् एकदा दिसायला लागलं की जिकडेतिकडे दिसतं. परिषद म्हणजे भोवताली बसणं, उपनिषद म्हणजे जवळ जाऊन बसणं, संसद म्हणजे एकत्र बसणं. विषादसुद्धा त्यातलाच, खचून खाली बसलेलं मन. गाळ तळाला बसून पाणी नितळलं की तो प्रसाद. सदन त्यातलं, आणि सदनातून आपण सदनिका काढली. म्हणजे मी सदनिकेत बसते, सभेत बसते, दोन्हीकडे सद्, आणि तरी. असो. मधल्या काळात मला वाटायला लागलं होतं की वाड्यातली सदरसुद्धा इथलीच, बसण्याची जागा म्हणून. ती मात्र अरबीतून आलेली निघाली. शब्दांच्या मागे लागलं की असं तोंडावर पडायला होतं अधूनमधून.

शाळेत असताना कृष्णाजी अनंत सभासद हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं की हा माणूस आमच्या गावच्या वाचनालयात नाव नोंदवलेला असणार. शिवाजी महाराजांची बखर लिहायची म्हणजे पुस्तकं लागणार, पुस्तकं लागणार म्हणजे वर्गणी भरलेली असणार. मोठेपणी कळलं की त्याने ती १६९७ च्या सुमारास लांब तिकडे जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. ‘सभासद’ हे त्याचं राजसभेतलं स्थान. पुढे ते नावालाच चिकटलं, इतकं, की आज बखरीलाही आपण नुसतं ‘सभासद’ म्हणतो: ‘सभासद असं म्हणतो’, ‘सभासदात हा उल्लेख नाही’. सभेत बसला, पाहिलं, ऐकलं आणि लिहून ठेवलं. मला हा अर्थ फार आवडतो. कागदावर नाव असलेला नव्हे. तिथे असलेला.

गावोगावच्या जुन्या निवाड्यांतही हीच गोष्ट दिसते. वतनाचा तंटा असला की गोतसभा बसायची, निवाड्याचा महजर लिहिला जायचा आणि त्यावर हजर असलेल्यांची यादी असायची, ‘हाजीर मजालस’ म्हणून. देशमुख, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार. लिहिता येत नसेल त्याने आपल्या धंद्याची निशाणी काढायची: कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. अशा एका महजराचा छापील फोटो मी कॉलेजात पाहिला होता, त्यातला तो एवढासा, मुंगीएवढा नांगर अजून डोळ्यापुढे आहे. मालकीचा कागद नंतर. आधी तू बसला होतास का, ऐकलंस का, हे महत्त्वाचं. आता तिथेही बाईची निशाणी सहसा सापडायची नाही, हे मला माहीत आहे. उगाच जुन्या काळाला कुंकू लावायला मी बसलेली नाही.

आमच्या आजीची गोष्ट मला यावरून आठवली. माझं माहेर ऊसपट्ट्यातलं. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याची लाट सगळीकडे पसरली, तशी आमच्याकडेही आली. आजोबांनी शेअर घेतला. त्याचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये, देवादिकांच्या रांगेत, दत्त आणि पंढरीनाथ यांच्या मध्ये. त्याला उदबत्तीचा धूरही मिळायचा. आमच्या भागात ‘सभासद’ या शब्दाला जो मान होता तो मी नंतर कुठे पाहिला नाही. सोयरीक जुळवताना सांगायचे, “घर सभासदाचं हाय.” म्हणजे बागाईत आहे, ऊस जातो, पोरीला काही कमी पडणार नाही. आणि दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळायची. कार्ड घेऊन जायचं, रांगेत उभं राहायचं. रांगेत मळीचा तो आंबूस-गोड, डोक्यात जाणारा वास, तागाच्या पोत्यांची कुसं अंगाला लागलेली, आणि साखर मोजताना उडालेले कण ओठांवर बसायचे ते जिभेने हळूच टिपायचे.

एका दिवाळीला आजोबा आजारी होते. आजी कार्ड घेऊन गेली, मी तिच्या पदराला धरून. खिडकीतल्या कारकुनाने कार्ड उलटंपालटं केलं आणि विचारलं, “सभासद कुठंयत?” आजी म्हणाली, “सभासद खाटंवर पडल्यात. ऊस म्या खुरपलाय. साखर दे.” मागच्या रांगेत हशा पिकला. कारकुनाने अंगठा घेतला आणि साखर दिली. त्याने अंगठा घेतला, हे आता लिहिताना जाणवतंय. आजीच्या अंगठ्याचा जांभळा ठसा आजोबांच्या कार्डावर, सभासदाच्या सहीच्या जागी. परत येताना बैलगाडीत ती पोत्यावर हात ठेवून बसली होती आणि अंगठा पदराला पुसत होती. शाई काही लवकर निघेना. आजोबा गेल्यावर शेअर वारसनोंदीने थोरल्या काकांच्या नावावर झाला. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही. पण रांगेला तीच जायची, शेवटपर्यंत.

त्या कारखान्याच्या वार्षिक सभा मी दुरून, मांडवाच्या कडेला उभं राहून पाहिल्या आहेत. माइकवरून विषय क्रमांक तीन वाचून पुरा व्हायच्या आत पुढच्या रांगांतून ‘मंजूर! मंजूर!’ असा गलका उठायचा आणि मागून तेवढ्याच जोरात ‘नामंजूर!’ मग टोप्या उडायच्या, कुणीतरी स्टेजकडे धावायचं, आणि दहा मिनिटांत राष्ट्रगीत. तिथे बसणारा सभासद क्वचितच. उभे राहून ओरडणारेच सगळे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ती सभाच नव्हे.

बाबांचं सभासदत्व वेगळ्या जातीचं. ते तालुक्याच्या वाचनालयाचे. आपल्याकडची वाचनालयं केवढी जुनी आहेत: रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. आमचं त्यांच्यापुढे पोर, पण त्यालाही उंच छत, गजांच्या खिडक्या आणि वाळवीच्या औषधाचा वास होता. बाबा बरीच वर्षं दुसऱ्या वर्गाचे सभासद होते. एका वेळी एक पुस्तक आणि एक जुनं मासिक. नवं मासिक पहिल्या वर्गाकडे फिरून महिन्याभराने आमच्या घरी यायचं, शब्दकोडी कुणीतरी पेन्सिलने सोडवलेली. त्यातले चुकलेले शब्द खोडरबराने पुसून दुरुस्त करणं हा बाबांचा रविवारचा कार्यक्रम. काउंटरवरच्या शिपायाला माणसं नावाने नाही तर क्रमांकाने पाठ. “४११ आले,” असं तो आत वळून म्हणायचा आणि ४११ चष्मा पुसत आत यायचे. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतली पहिली खरेदी म्हणजे आजीव सभासदत्व. पावतीवर जुन्या वळणाच्या अक्षरात ‘तहहयात’ असं लिहिलेलं होतं, ते त्यांना इतकं आवडलं की घरी येऊन त्यांनी आईला दोनदा वाचून दाखवलं. आई म्हणाली, “बरं झालं, आता रोज तिकडेच बसा.”

पण तिथे बसायचे कोण? हे मला आत्ता या वयात सुचतंय. पुस्तकं घेणारे सभासद पुस्तक बदलून पाच मिनिटांत निघून जायचे. बसायची ती मुक्तद्वार विभागातली माणसं, ज्यांना वर्गणी नाही, कार्ड नाही, क्रमांक नाही. वर्तमानपत्रांचे उतरते लाकडी स्टँड, पेपर पळवू नये म्हणून मधोमध लावलेली पितळी दांडी, आणि समोरच्या बाकावर नोकरीच्या जाहिराती उतरवून घेणारी पोरं, बाजाराला आलेले आणि एसटीला अवकाश असलेले शेतकरी. एक म्हातारे गृहस्थ रोज चारला येऊन अग्रलेखापासून मृत्युवार्तांपर्यंत सगळं बोट फिरवत वाचायचे. वाचनालयाच्या हिशेबी ते कुणीच नव्हते. शब्दाच्या हिशेबी तेच.

बाबा गेले, त्यानंतर सहा वर्षं वाचनालयाचा वार्षिक अहवाल आमच्या पत्त्यावर येत राहिला. त्यात आजीव सभासदांच्या यादीत ४११ समोर त्यांचं नाव. दर वर्षी. अहवालाच्या पहिल्या पानावर ‘ज्या ज्ञात-अज्ञात सभासद व हितचिंतकांचे निधन झाले त्यांना संस्था आदरांजली वाहते’ असं असायचंच. बाबा त्या अज्ञातांत धरले असतील, तर मग यादीतूनही जायला हवे होते. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर नाव कमी झालं असतं. आईने ते कधी टाकलं नाही, आणि मला टाकायला सांगितलं नाही. अहवाल आला की ती चष्मा लावायची, यादीतून बोट खाली आणायची, ४११ वर थांबायची आणि अहवाल मिटून कपाटात ठेवायची. सातव्या वर्षी अहवाल आला नाही. कुणीतरी कळवलं असणार.

ग्रंथांत शिरल्यावर मात्र हा शब्द असा घरगुती राहत नाही. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात सभेचं एक लहानसं सूक्त आहे. ते म्हणतं की सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली. मग सभेलाच हाक मारून म्हणतं: ‘विद्म ते सभे नाम नरिष्टा नाम वा असि । ये ते के च सभासदस्ते मे सन्तु सवाचसः ॥’ बाई सभे, तुझं नाव आम्हाला ठाऊक आहे, तू नरिष्टा. तुझे जे कोणी सभासद असतील ते माझ्याशी एकमताने बोलोत. पार्किंगचा विषय निघण्याआधी मोठ्याने म्हणावी अशी ही प्रार्थना आहे. सभा ही मुलगी, हे वाचून मी खुर्चीत जरा सरसावून बसले. पण तेवढ्यात यजुर्वेदातली मैत्रायणी संहिता आठवली. तिने साफ सांगून टाकलंय की पुरुष सभेला जातात, स्त्रिया नाहीत. आणि त्याहून जुन्या ऋग्वेदात ‘सभावती योषा’ आहे, सभेत शोभणारी बाई. म्हणजे हा वाद आमच्या सेक्रेटरींनी सुरू केलेला नाही, तेवढं त्यांना सोडायला हरकत नाही.

स्मृतींत सभासद हा न्यायसभेत बसणारा. राजाने सभासद कसे नेमावेत, तर शिकलेले, धर्म जाणणारे, खरं बोलणारे, शत्रूला आणि मित्राला सारखं मोजणारे, असं याज्ञवल्क्य सांगतो. इथपर्यंत ठीक, जाहिरातीतल्या पात्रतेच्या अटींसारखं. मनूचा आठवा अध्याय मात्र वाचताना मी थांबले. तो म्हणतो, सभेत एक तर जाऊ नये, गेलं तर योग्य ते बोलावं. गप्प बसणारा आणि खोटं बोलणारा, दोघांनाही पाप सारखंच. आणि पुढे चक्क वाटणी करून देतो: न्यायसभेत अधर्म झाला तर त्याचा चौथा हिस्सा करणाऱ्याला, चौथा साक्षीदाराला, चौथा सगळ्या सभासदांना आणि चौथा राजाला. मेंटेनन्सच्या बिलासारखा हिशेब. मनूशी माझं एरवी जमत नाही, जमण्याचं कारणही नाही, पण या एका जागी त्याने खुर्चीला वजन दिलंय. बसलास ना? मग तुझाही वाटा.

द्यूतसभेत हेच तर झालं होतं. भर सभेत एक बाई प्रश्न विचारते, कायद्याचा, नेमका प्रश्न, आणि एकेक मोठा माणूस खाली बघतो. सगळे सभासद, सगळ्यांच्या सह्या वहीत. तोंड उघडतो तो विकर्ण, कौरवांतलाच एक धाकटा पोरगा. विदुर बोलतो तेव्हा तोही पापाची हीच वाटणी मांडतो, जरा वेगळ्या आकड्यांनी. तिथेही निंद्य गोष्टीची निंदा न करणाऱ्या सभासदांचा वाटा आहेच. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला राग दुःशासनाचा यायचा. आता त्या मान खाली घालून बसलेल्यांचा येतो. नुसतं बसणं म्हणजे किती काय काय असू शकतं.

आपल्या सहकार कायद्यालाही एकदा बसण्याची आठवण झाली होती. २०१३ च्या दुरुस्तीत ‘क्रियाशील सभासद’ आला. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहा, संस्थेच्या सेवा थोड्या तरी वापरा, नाहीतर तुम्ही अक्रियाशील. हे वाचून मी नवऱ्याकडे एक नजर टाकली होती. तो सोफ्यावर क्रियाशील होता. पण आमच्याकडे कुणाला अक्रियाशील ठरवल्याचं ऐकिवात नाही. गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ साली कायद्यात वेगळं प्रकरणच आलं, आणि त्यात माझ्यासारख्यांची सोय आहे: सहयोगी सभासद. सभासदाने शिफारस करायची, बायको, मूल, आईवडील, भावंडं असं कुणीही होऊ शकतं, मग त्याच्या गैरहजेरीत त्याच्या वतीने बसायचं. सेक्रेटरींनीच सांगितलं. सभेनंतर आठवड्याने स्वतः फॉर्म घेऊन घरी आले, चहा घेतला, म्हणाले, “त्या दिवशी मला बरं वाटलं नाही हो. हे भरून द्या.”

फॉर्म मी भरला. निळ्या शाईने, सुवाच्य. शिफारशीची सही तेवढी नवऱ्याची हवी. तो क्रिकेट बघत होता. पेन हातात दिलं, म्हणाला, “कुठे?” मी म्हटलं, “खाली.” त्याने पडद्यावरची नजर न काढता खाली सही ठोकली. अर्जदाराच्या रकान्यात. म्हणजे कागदोपत्री तो स्वतःचाच सहयोगी सभासद व्हायला निघाला होता, माझ्या नावाने. मी तो फॉर्म बराच वेळ हातात धरून हसत होते. त्याला काय झालं ते कळेना, “आउट होता का?” म्हणून त्याने विचारलं. दुसरा फॉर्म आणायचा म्हणून तो ड्रॉवरमध्ये ठेवला, लाइटबिलांच्या खाली. अजून तिथेच आहे. मध्ये एकदा सेक्रेटरींनी आठवण केली, मी “देते” म्हटलं. का दिला नाही, विचाराल तर आळस म्हणेन. पण आळस तेवढा खरा नाही. त्याच्या वतीने बसायचं, हे मला पटलेलं नाही अजून. मी कुणाच्या वतीने बसत नव्हते.

दिवाळीच्या आधी टाकीला नवं झाकण आलं. काळं, जाड, कडी असलेलं. मी गच्चीवर पापड घालायला गेले तेव्हा दोनदा उघडून, मिटून पाहिलं.

या सप्टेंबरात पुन्हा सभा झाली. पुन्हा पाचची साडेपाचला, पुन्हा तशाच खुर्च्या, पाऊस मात्र नव्हता. नवरा पुण्याला भाच्याच्या साखरपुड्याला. वही फिरत आली, तेव्हा मी तिला हातही न लावता पुढे ढकलली. २०२ मधला मुलगाही आला होता, या वेळी बसला होता. त्याने वही माझ्याकडून घेतली आणि तिसऱ्या मजल्याकडे दिली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सेक्रेटरी वाचायला लागले. त्यांचा तो बँकेतला, स्वल्पविराम न घेणारा सूर. लेखापरीक्षकांची नेमणूक, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. रंगकामाचा निधी. आणि मग: “विषय क्रमांक सहा. एका सभासदांनी वरच्या टाकीच्या झाकणाबाबत विचारणा केली. सदर झाकण तातडीने बदलण्याचे सर्वानुमते ठरले.”

मी मान वर केली. ते पुढे वाचत होते. त्यांनी मुद्दाम तसं लिहिलं की सवयीने, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. वाचून संपलं. चष्म्यावरून त्यांनी सगळ्या खुर्च्यांवर एक नजर फिरवली. “काही दुरुस्ती? कुणाची हरकत?”

नोंद चुकीची होती. ते विचारलं होतं मी, आणि मी सभासद नाही. ही चूक त्या पार्किंगमध्ये माझ्याइतकी पक्की कुणालाच माहीत नव्हती. गप्प राहिलं तर चौथा हिस्सा सभासदांच्या माथी, पण मग मी नसले तर तो मला लागू कसा, आणि लागू होत असेल तर नोंद चुकीची कशी. मी पदर सारखा केला आणि बसून राहिले.

“कायम,” सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.